दोनशे एकतीस नंबरचा आंबा

रविवार, दुपार

प्रिय वेदू,

"तुझ्या अंगाला गाडीचा वास येतो. मोठीआईच्या अंगाला घराचा येतो." हे तू म्हणालीस तेव्हा तू सहा वर्षांची होतीस आणि तुला ताप होता. मी रत्नागिरीहून संध्याकाळच्या एसटीने आले होते. हातखंब्याला गाडी अर्धा तास अडकली होती. पडवीत जनीवहिनींच्या, तुझ्या मोठीआईच्या, मांडीवर तू झोपलेली दिसलीस आणि पर्स खांद्यावरून उतरवायच्या आधीच मी तुला उचललं. तू डोळे न उघडता तोंड फिरवलंस, ते वाक्य बोललीस आणि पुन्हा त्यांच्याकडे हात पसरलेस. मी हसले. वहिनीही हसल्या. "तापात बडबडतंय पोर, तू मनावर नको घेव," म्हणाल्या. मी मनावर घेतलं नाही असं दाखवलं आणि न्हाणीत गेले.

तेव्हापासून घरी आले की मी आधी न्हाणीतच जायचे. हात, पाय, मान साबणाने धुऊन, साडी बदलून मग तुझ्याजवळ. तेवढ्यात तुझं जेवण उरकलेलं असायचं आणि तू त्यांच्या कुशीत गोष्ट ऐकत असायचीस. अठरा वर्षं झाली याला. तू बंगळूरला गेलीस, आता धुऊन-पुसून कुणाजवळ जायचं नाही, तरी पाय आपोआप तिकडेच वळतात. तुला ते वाक्य आठवत असेल असं मला वाटत नाही. लहान मुलं अशी वाक्यं टाकून पुढे जातात. उचलून ठेवणारी मी.

पत्र बघून दचकू नकोस. घरात सगळे बरे आहेत. महिपतकाकांचा गुडघा अजून कुरकुरतो, पण सकाळी बागेत फेरी मारतातच. बाबांचा परवा जहाजावरून फोन आला, दिवाळीला सुट्टी मिळेल म्हणाले. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तुझा फोन येतो तो वहिनींच्या फोनवर, स्पीकर लावलेला, आणि मी हात पुसत बाहेर येईपर्यंत निम्मं बोलणं झालेलं असतं. माझ्या फोनवर तू करतेस ते कामाचे फोन. आधार कार्डाची झेरॉक्स, बँकेचा फॉर्म, मार्कशीट कुठल्या फाइलीत आहे. तक्रार म्हणून लिहीत नाही. खरं सांगायचं तर तक्रार म्हणूनच लिहितेय. आज वहिनी पालीला गेल्यात, काकांच्या गोळ्या आणायला. त्या यायच्या आत मला हे लिहून पुरं करायचंय, आणि उद्या ऑफिसला जाताना स्पीड पोस्टने टाकायचंय, कारण महिनाअखेरीच्या आत ते तुझ्या हातात पडायला हवं.

गेल्या बुधवारी तू फोनवर विचारलंस, "मोठीआई, एप्रिलच्या सत्तावीस-अठ्ठावीसला तुला सर्दी होती का गं?" मी दारात उभी होते. तू समजावून सांगत होतीस. वीस दिवसांची वही आहे, त्यातल्या अठरा दिवशी आंब्यांचा वास ओळखणारा तुझा डबा आणि मोठीआईचं नाक यांचं जमतं, फक्त त्या दोन दिवशी नाक एक दिवस मागे पडलंय. जो आंबा आज खायचा, त्याला तिने उद्या म्हटलंय. आधी तुला वाटलं, त्या दिवशी हवा दमट असेल, डब्यातल्या पट्ट्यांवर बाष्प बसलं असेल. मग तू कसलाच लेप नसलेल्या कोऱ्या पट्टीशी ताडून पाहिलंस. डबा बरोबर होता, नाक चुकलं होतं. आणि तुझे सर म्हणतात की जे नाक दोन दिवस नकळत घसरतं, त्याच्या उरलेल्या अठरा दिवसांची तरी हमी कोण देणार. म्हणून सगळी वहीच बाजूला ठेवायची आणि पुढच्या हंगामात बाहेरून शिकलेली माणसं आणायची. काय ते या महिन्याच्या शेवटी ठरणार.

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मग फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "असंल गो. सर्दी असंल. वय झाला आता."

तू म्हणालीस, "असू दे गं, तुझी काय चूक त्यात?" आणि मी चौकटीला धरून तशीच उभी राहिले.

त्या दिवसापासून त्यांनी वास घेणं सोडलंय. तुला हे फोनवर कळणार नाही. काल हौसा आली, स्कूटरवर टोपली बांधून. मासेमारीवरची बंदी उठल्यापासूनचे पहिले चांगले बांगडे. तुला माहीतच आहे, वहिनी एक बांगडा उचलून नाकाला लावल्याशिवाय घ्यायच्या नाहीत आणि हौसा दरवेळी म्हणायची, "काकी, मासा हाय तो, अत्तर नाय." काल त्यांनी टोपली माझ्याकडे सरकवली. "बघ गो तूच. माझ्या नाकाचा आता काय खरा नाय." हौसा हसायला लागली होती, ती मधेच थांबली. मी बांगडा उचलला, नाकाशी नेला आणि म्हटलं, चांगला आहे. चांगला असावा. मला काही कळलं नाही.

आता एप्रिलमधलं सांगते. तू तो डबा घेऊन आलीस तेव्हा मला वाटलं होतं, एवढी वर्षं शिकून काहीतरी मोठं यंत्र आणणार. निघाला जेवणाच्या डब्याएवढा, एक नळी, एक पंप. त्याला गुंडाळलेली ओढणी तुझी बारावीतली, निळी. ती मी चार वेळा मागितली होती आणि हरवली म्हणाली होतीस. तू मला भिंगातून त्या पट्ट्या दाखवल्यास. केसापेक्षा अरुंद, एका टोकाला धरलेल्या, दुसरं टोक मोकळं. मला काही समजेना, तेव्हा तू माझ्या टेबलावरची लोखंडी पट्टी घेतलीस, कडेला अर्धी बाहेर धरून टिचकी मारलीस. ट्रंग. मग मोकळ्या टोकाला कणकेची गोळी चिकटवून पुन्हा टिचकी मारलीस. आवाज खाली उतरला, थरथर मंदावली. "बस, एवढंच," म्हणालीस. प्रत्येक पट्टीला वेगळा लेप, प्रत्येक लेपावर वेगळे वायू बसतात, बसले की पट्टी किंचित जड होते आणि हलायची किंचित मंदावते. आठ पट्ट्या किती किती मंदावल्या, तो त्या वासाचा ठसा. नववी कोरी, फक्त हवेशी ताडून बघायला.

तीच पट्टी तू तिसरीत असताना टेबलाला लावून वाजवायचीस आणि मी ओरडायचे. एकदा हिसकावून घेतली होती, हाताला लागली होती तुला. तू त्यातून एवढं काढलंस. मला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की मी ओरडायचे तेव्हा तू पट्टी घेऊन मागच्या पडवीत जायचीस आणि वहिनी तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या, "वाजव गो, मना बरा वाटता." म्हणजे हेही त्यांचंच.

मग तू म्हणालीस की डब्याला ठसा कळतो, नाव कळत नाही. नाव माणसाने सांगावं लागतं. हा ठसा म्हणजे उद्या खायचा आंबा, हा म्हणजे आज, हा गेला. त्यासाठी एक भरवशाचं नाक हवं. मी पदराला हात पुसून पुढे आले होते, वेदू. तुझ्या लक्षात आलं नसेल. तू मागे वळून आंबे ठेवायच्या मांगराकडे बघून हाक मारलीस, "मोठीआई, जरा ये गं इकडे."

बरोबरच केलंस. त्या या घरात आल्यापासून आंबे पिकवायची आढी त्यांच्या हातची आहे. पेंढ्यावर आंबा कसा निजवायचा, कुठला थर कधी उलटायचा, हे त्यांनी कुणाला शिकवलेलं नाही आणि कुणी विचारलेलंही नाही. त्या आंबा दाबून बघत नाहीत. आधी श्वास पुरता सोडतात, मग देठाची बाजू नाकाखाली धरतात, आणि मधूनच स्वतःच्या कोपराचा वास घेतात. "नाक पुसून घेतला," म्हणतात. तुला त्याचा केवढा आनंद झाला. तुझा डबाही दोन आंब्यांच्या मधे कोळशातून गाळलेली कोरी हवा ओढतो. "बघ आई, मोठीआई करते तेच डबा करतो." तू टाळ्या वाजवल्यास. माझ्यासारखं काही करणारं एखादं यंत्र तुला कधी सापडलं नाही.

मला काम दिलंस वही लिहायचं. "नाक मोठीआईचं, अक्षर तुझं," असं म्हणालीस आणि आठ दिवसांनी डबा आमच्या भरवशावर सोडून निघून गेलीस. तो पेपरातला फोटो आठवतो? मांगराच्या दारात डबा, शेजारी वहिनी, हातात हापूस. कडेला एक वही आणि एक मनगट. ते माझं. बांगडी स्पष्ट आलीय. ऑफिसात सगळ्यांनी तो फोटो पाहिला आणि काशीराम, आमचा शिपाई, म्हणाला, "मॅडम, तुमच्या जाऊबाई छान दिसतात." मी म्हटलं, हो.

रोज सकाळी सहाला आम्ही दोघी मांगरात. मी आंब्याला नंबर चिकटवायचे, काचेची बरणी पालथी घालायचे, डबा तीन मिनिटं हवा ओढायचा. मग वहिनी आंबा उचलायच्या आणि एक शब्द बोलायच्या. परवा. उद्या. आज. गेला. कधी कधी "वाईच थांब" आणि पुन्हा कोपर. मी तो शब्द रकान्यात लिहायचे. वीस आंबे, वीस शब्द, आणि मग मी आठची गाडी पकडायला पळायचे. त्या शब्दांचा मला हेवा वाटायचा. हसशील तू, पण वाटायचा. बावीस वर्षं मी ऑफिसात रोज कागद लिहितेय, माझ्या एकाही शब्दावर कुठलं यंत्र काही शिकलं नाही. यांच्या एका "उद्या"वर तुझ्या आठ पट्ट्या कान टवकारून बसायच्या. तुझ्या कामात, तू रात्रंदिवस ज्याच्यात बुडालेली असतेस त्यात, त्या आत होत्या. मी मनगटापर्यंत.

म्हणून मी गुपचूप शिकायला लागले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. पर्समध्ये रोज एक आंबा टाकून न्यायचे आणि गाडीत खिडकीशी बसून वास घ्यायचे, देठाकडून, श्वास आधी सोडून, सगळं त्या करतात तसं. एसटीत डिझेलचा वास, पुढच्या बाईच्या केसातल्या अबोलीचा, कुणाच्या तरी पिशवीतल्या सुक्या मासळीचा. त्यातून आंबा शोधायचा. ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत टेबलाखाली धरून बघायचे. एकदा काशीरामने पकडलं. "मॅडम, आंबा खायचा असतो," म्हणाला. मी म्हटलं, तब्येतीसाठी सांगितलंय डॉक्टरांनी. त्याला ते खरं वाटलं आणि दुसऱ्या दिवसापासून तोही एक आंबा घेऊन यायला लागला.

दहा दिवसांत मला वाटायला लागलं की मला जमतंय. वहिनी शब्द बोलायच्या आधी मी मनात बोलून घ्यायचे. पाचात तीन वेळा जुळायचं. मग चारदा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ओळखतेय, आंब्यावरून नाही, हे माझ्या लक्षात आलं नाही.

सत्तावीस एप्रिलला वहिनी लांज्याला गेल्या, भावाच्या घराची वास्तुशांत होती. दोन दिवस त्या नव्हत्या. तू जाताना मला बजावलं होतंस, वहीच्या पहिल्या पानावर लिहूनही ठेवलं होतंस. मोठीआई नसेल त्या दिवशी डबा लावायचा, पण रकाना मोकळा सोडायचा. तुझ्याच अक्षरात, खाली दोन रेघा.

मी मोकळा सोडला नाही.

मला तुला असं सांगता आलं असतं की बावीस वर्षं नोकरी केलेल्या बाईच्या हाताला रिकामा रकाना सहन होत नाही. ते खोटं नाही. वर्षभर मी स्वतःला तेच सांगितलं असतं. पण त्या सकाळी मांगरात मी एकटी होते, पेंढ्याचा ऊबदार दर्प होता, डबा हवा ओढत होता आणि आंबा माझ्या हातात होता. मी श्वास सोडला. देठ नाकाखाली धरला. माझ्या कोपराचासुद्धा वास घेतला. साबणाचा येत होता. आणि मी मोठ्याने म्हटलं, "उद्या." कुणीच नव्हतं ऐकायला. मी ते लिहिलं. त्याच रकान्यात, वहिनींच्या नावाखाली, माझ्या चांगल्या अक्षरात. पहिल्या दिवशी वीस, दुसऱ्या दिवशी वीस. दोनशे एकवीसपासून दोनशे साठपर्यंत. इतकी सुखी मी त्या मांगरात कधी नव्हते. मला वाटलं, आता मीही गेले आत. माझं बोट धरून तुझा डबा काहीतरी शिकतोय आणि तुला ते कळणारसुद्धा नाही. वहिनींचं समजून तू माझं जपशील.

एकोणतीसला पहाटेच वहिनी आल्या. पाय धुऊन थेट मांगरात. वही चाळली त्यांनी. सातवीपर्यंत शिकल्यात, वाचता येतं, हे मी विसरले नव्हते, तरी विसरल्यासारखी वागले होते. भरलेला रकाना त्यांनी बघितला, पान उलटलं, पुढचं बघितलं. मग क्रेटमधून एक आंबा उचलला, दोनशे एकतीस नंबरचा. वहीत त्याच्यापुढे "उद्या" होतं, म्हणजे अठ्ठावीसला खायचा. त्यांनी तो नाकाशी नेला आणि म्हणाल्या, "हा परवाच खायाचा होता गो." मग तिथेच बसून सुरीने कापला. देठाजवळ काळा पडायला लागला होता. बाजूची चांगली फोड काढून मला दिली. ती मी खाल्ली. गोड होती, उतरलेली गोड. वहिनींनी हात पेंढ्याला पुसले आणि वहीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "लिव. आजचे वीस."

खोडायची वेळ तीच होती. मी खोडलं नाही. मला वाटलं, चारशेत चाळीस, कुणाला कळतंय.

कळलं. तुझ्या आठ पट्ट्यांना कळलं. माझ्या चाळीसही आंब्यांवर त्या एका सुरात म्हणाल्या की ही ती नव्हे. तू फोनवर ते सांगत होतीस तेव्हा मला एकाच वेळी दोन गोष्टी वाटल्या. एक म्हणजे लाज. आणि दुसरी, हे लिहायला हात थांबतोय, की वहिनींच्या नाकावर तुझा भरवसा पहिल्यांदाच डगमगला होता. दोन-तीन श्वासांपुरतं मला ते बरं वाटलं. तेवढ्यात त्या म्हणाल्या, असंल, सर्दी असंल.

गुरुवारी मी धीर केला. त्या ओटीवर कुळीथ पाखडत होत्या. मी म्हटलं, वहिनी, तुम्ही तिला खरं का नाही सांगितलंत? त्या सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "सांगून काय करू? पोरीला तुझी वही खोटी वाटली असती. तिच्यासाठी तुझा अक्षर म्हंजे देवाचा. माझ्या नाकाचा काय गो, ता म्हातारा होणारच हाय." आणि थोड्या वेळाने, सुपाकडे बघतच, "तुला पण वास घ्यायचा होता तर बोलली का नाय? मी शिकवला असता."

बघ आता. मी कपटाने घेतलं ते त्या हसत द्यायला तयार होत्या. तुला वाढवलंही असंच. मला नोकरी करता आली ती त्यांच्यामुळे. स्वतःच्या दीपकला मोठं करून हात मोकळे झाले होते त्यांचे, तेव्हा माझं दोन वर्षांचं मूल उचलून घेतलं, एकदाही बोलून दाखवलं नाही. मला त्यांचा राग येतो तो यासाठीच. भांडायला जागा ठेवत नाहीत. माफ करायची पाळी कधी माझी येतच नाही.

तर वेदू, सर्दी नव्हती. दोनशे एकवीस ते दोनशे साठ हे चाळीस आंबे मोठीआईचे नाहीत, माझे आहेत. ते काढून टाक. उरलेले तीनशेसाठ त्यांच्या तोंडून आले तसे मी लिहिलेत, अक्षर अन् अक्षर. सरांना हे पत्र दाखवायचं असेल तर दाखव, मला कमीपणा वाटणार नाही. आणि वहिनींना आधी फोन कर. त्यांना सांग की नाकाला काही झालेलं नाही. ते दोन दिवस आपले नव्हेत हे त्या जाणतात, पण सरांनी उरलेल्या अठरा दिवसांवरही शंका घेतली ते त्यांना लागलंय. माझ्या सांगण्यावर त्या विश्वास ठेवत नाहीत, म्हणतात मी त्यांना बरं वाटावं म्हणून बोलते. तू सांगितलंस तर पुढच्या वेळी बांगडा त्या उचलतील.

आणखी एक कोडं माझं मीच सोडवलंय, तेही सांगते. सगळे चाळीस एक दिवस मागे का पडले? मी आंबा नाकाशी धरला की मनात "आज" यायचंही कधी कधी. पण जीभ "उद्या" म्हणायची. घाई केली असं कुणी म्हणू नये, आणखी एक दिवस हाताशी राहावा. ऑफिसात लोकांना मी तेच सांगते. तुलाही तेच सांगत आले. उद्या खेळू, उद्या तुझ्या शाळेत येते, उद्या लवकर येते. आणि वहिनी सगळं त्या त्या दिवशी करून टाकायच्या. तुझ्या डब्याने ते बरोबर हेरलंय. त्याच्याकडे बघून मला वाटायचं, ही एवढीशी पट्टी, हिला काय कळणार.

वहिनी येतायत, फाटकाचा आवाज आला. आता शेवटचं, आणि ज्याच्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते हेच, वरचं सगळं तर फोन करून, लाज गिळून, दोन वाक्यांत सांगता आलं असतं. चाळीसमधले एकोणचाळीस काढ. एक राहू दे. दोनशे एकतीस. आणि त्यापुढचा शब्दही राहू दे, "उद्या", चुकला आहे तसाच. मी बरोबर सांगितलेला एखादा असता तरी तो नको होता. बरोबर आलेला तो वहिनींचाही असता. चुकलेला तेवढाच फक्त माझा आहे. तीनशेसाठमध्ये एक, तुझ्या डब्याला जाणवणारसुद्धा नाही. कुठल्यातरी पट्टीच्या टोकाला कणकेच्या गोळीतला एक कण चिकटून राहावा, तेवढंच. तू नाही म्हणशील हे मला ठाऊक आहे. चूक दिसली की ती पुसायची, मग ती कुणाचीही असो, हे तुला मीच शिकवलं, तिसरीत, तुझ्या गणिताच्या वहीवर, हात धरून. तरी विचारते. एक ठेव.

तुझीच,
आई